आत ओढलेला होकार

आर्डिस ब्रेकीबाईंनी लग्न का केलं नाही, यावर नॉर्डालमध्ये निदान चार मतं आहेत. त्यातली तीन चर्चच्या तळघरात, कॉफी ओतता ओतता तयार झाली. चौथं खुद्द आर्डिसबाईंचं असणार, पण ते कोणी विचारलेलं नाही. मिनेसोटाच्या या कोपऱ्यात शेजाऱ्याची गाडी कुणाच्या अंगणात किती वाजेपर्यंत उभी होती हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण तोंडावर विचारणं वाईट दिसतं.

एका गोष्टीवर मात्र गावात वाद नव्हता. आर्डिसबाईंसारखं शिकवणारं दुसरं कोणी नाही. हायस्कूलच्या शेवटच्या टोकाला, बॉयलरच्या खोलीशेजारच्या वर्गात, एकतीस वर्षं त्यांनी अशी मुलं शिकवली ज्यांना शिकायला इतरांपेक्षा फार जास्त वेळ लागतो. बुटाची नाडी, बसचा थांबा, डॉक्टरला कुठे दुखतं ते सांगणं, नको असेल तेव्हा नको म्हणणं. त्यांची रीत अशी की कुठल्याही कामाचे तुकडे पाडायचे. दात घासणं म्हणजे त्यांच्या लेखी सतरा कामं. प्रत्येकाचं चित्र काढून भिंतीवर चिकटवायचं. आधी तोंडाने सांगायचं, मग नुसतं बोट दाखवायचं, मग नुसतं शेजारी उभं राहायचं, आणि मग तेही नाही. प्रत्येक नव्या शिक्षिकेला त्या ऐकवत, "शिकवायला कुणालाही येतं गं. मागे सरायला शिक."

एका नाताळात त्यांनी चर्चमधल्या लेफ्सेच्या पोळ्यांचेही अकरा तुकडे पाडून चित्रं लावली होती. साठ वर्षं बटाट्याच्या त्या पोळ्या लाटत आलेल्या बोर्गहिल्डआजी त्यानंतर चार महिने त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

लायल थॉर्सगार्ड हा त्यांचा शेवटचा विद्यार्थी म्हणायला हरकत नाही, कारण जूनमध्ये त्या निवृत्त होणार होत्या. अंगाने आडवातिडवा, दाढी आईकडून करून घेणारा, एकवीस वर्षांचा. वाचता जेमतेम यायचं, पण गावातल्या प्रत्येक गाडीचा नंबर पाठ. वर्गाच्या खिडकीशी उभा राहून तो बातम्या द्यायचा. विम्यावाल्याची पांढरी गाडी पुन्हा केशकर्तनवालीच्या दारात, सलग तिसरा मंगळवार. आर्डिसबाई त्याला दटावत, की असं मोठ्याने सांगू नये. आणि मग हळूच विचारत, किती वाजता आली होती.

त्याचा बाविसावा वाढदिवस मार्चमधल्या एका शुक्रवारी होता. नियमाप्रमाणे अशा मुलांची शाळा त्याच दिवशी संपते. वर्ष संपायची वाट बघत नाहीत. केक कापायचा आणि मुलगा घरी. पुढे शेजारच्या गावात अशा मोठ्या मुलांना दिवसभर सांभाळणारं केंद्र होतं, पण तिथे काम करायला माणसं मिळत नव्हती म्हणून दोन वर्षांत नवीन कोणाला घेतलं नव्हतं. लायलची आई जोनेल चीजच्या कारखान्यात दिवसपाळीला. घरात तिसरं माणूस नाही. वाढदिवसाच्या आत लायलला काम मिळालं तर तो रोज सकाळी उठून कुठेतरी जाणार होता. नाही मिळालं तर सोफा, टीव्ही आणि खिडकीतून दिसणाऱ्या शेजारच्या दोन गाड्या.

काम होतं. तळ्याकाठच्या वृद्धाश्रमात भांडी धुणारा माणूस हवा होता. तिथल्या स्वयंपाकघराचे प्रमुख रोमन कुबियाक शिकागोहून आलेले. येऊन एकोणीस वर्षं झाली, म्हणजे गावाच्या हिशेबाने अजून पाहुणे. त्यांनी आर्डिसबाईंना लायलला शिकवायला तीन महिने दिले. अट एकच, तीही वरून आलेली: शेवटी एक दुपार लायलने एकट्याने काम करून दाखवायचं. शिकवणारं माणूस स्वयंपाकघरात नको. तीन वाजता कुबियाक सामान उतरवून घ्यायला मागच्या दाराला जातात, तेव्हा यंत्रापाशी दुसरं कोणी नसतं.

आर्डिसबाईंनी भांडी धुण्याचे वीस तुकडे पाडले. खरकटं काढा, फवारा मारा, ताटल्या जाळीच्या ट्रेमध्ये उभ्या लावा, ट्रे यंत्रात सरकवा. अकरावा तुकडा: दांडा खाली ओढा. तो ओढला की यंत्राचं झाकण पडतं आणि आत उकळत्या पाण्याचा मारा सुरू होतो. पहिल्या आठवड्यात वाफ लायलच्या मनगटाला लागली होती. तेव्हापासून दांडा ओढण्याआधी बाई दरवेळी विचारत, हात बाहेर? मग तो दोन्ही हात वर करून दाखवायचा आणि ओढायचा. पुढे त्यांनी विचारणं सोडलं. बोट दाखवणं सोडलं. हळूहळू तीन हात लांब, भिंतीला टेकून उभ्या राहू लागल्या. फेब्रुवारीअखेर त्यांच्या तक्त्यावर विसांपैकी वीस रकान्यांत 'स्वतः' असं लिहिलेलं होतं, सलग बारा दिवस. तो तक्ता त्यांनी चर्चमध्ये सगळ्यांना दाखवला. बोर्गहिल्डआजींनीसुद्धा चष्मा लावून पाहिला.

परीक्षा वाढदिवसाच्याच आठवड्यात, सोमवारी झाली. आर्डिसबाई आणि जोनेल बाहेरच्या बोळात, दाराच्या गोल काचेतून बघत होत्या. लायलने डोक्याला जाळी घातली, हात धुतले, खरकटं काढलं, ट्रे भरला, सरकवला. दोन्ही हात वर करून पाहिले. मग दांडा धरला आणि थांबला.

थांबला तो थांबलाच. अर्धं मिनिट, मिनिट, दोन मिनिटं. कुबियाकांनी लांबून विचारलं, काय अडलं. लायल म्हणाला, काही नाही. मग ओढ की, म्हटल्यावर लगेच ओढला. पुढचा ट्रे. पुन्हा हात वर, पुन्हा दांडा धरून उभा. त्या दुपारी सव्वीस ट्रे झाले आणि सव्वीस वेळा सांगावं लागलं. सामान घेऊन आलेला ट्रक मागच्या दाराशी भोंगे वाजवत राहिला.

बोळात जोनेलने नखं खाऊन संपवली होती. तिने विचारलं, "बाई, पण त्याला येतं ना हे सगळं?"

"हो," आर्डिसबाई म्हणाल्या, आणि स्वतःचाच आवाज ऐकून गप्प झाल्या.

नॉर्डालचा होकार जरा निराळा आहे. गोष्ट ऐकताना हुंकार देतात तसाच, पण उलटा. श्वास बाहेर सोडायचा नाही, आत ओढायचा. थंड पाण्यात पाय घातल्यावर माणूस हिस्स करतो ना, साधारण तसं. पणजोबा नॉर्वेहून येताना पेटीत घालून घेऊन आले असावेत. सगळं गाव असंच हो म्हणतं, म्हणून गावात कोणाला ते ऐकूच येत नाही. आर्डिसबाई साठ वर्षं तसंच म्हणत आल्या होत्या आणि त्या सोमवारी पहिल्यांदा त्यांनी ते ऐकलं. लायलने हात वर केले की त्या भिंतीपाशी उभ्या राहून असाच श्वास आत घेत होत्या. रोज. प्रत्येक ट्रेला. तोंड मिटलं, बोट मिटलं, तीन हात मागे सरल्या, पण श्वास तिथेच राहिला होता. लायलच्या वीस कामांत एकविसावं होतं, आणि ते त्याचं नव्हतं.

कुबियाकांना त्यांनी सगळं सांगितलं. माणूस भला. बुधवारी पुन्हा बघू म्हणाला, वरच्यांना कळवत नाही. मग म्हणाला, एकोणीस वर्षं मला वाटत होतं गावातल्या सगळ्यांना छातीचा त्रास आहे.

मंगळवारी सकाळी वर्गात, टेबलाचं यंत्र आणि झाडूचा दांडा करून, आर्डिसबाई ते एकविसावं काम काढायला बसल्या. श्वास धरून ठेवला. लायलने हात वर केले, दांडा धरला, वाट पाहिली. मग वळून त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. त्याने पुन्हा हात वर केले, आणखी उंच, बोटं पसरून. हिरव्या रंगाचं नवं चित्र लावलं, तर त्याने ते मोठ्याने वाचलं, 'ओढा', आणि पुन्हा त्यांच्याकडे बघितलं. त्या तोंडात रुमाल धरून उभ्या राहिल्या. दुपारपर्यंत लायलच्या कपाळावर घाम आला होता. झाडू खाली ठेवून त्याने विचारलं,

"मिस ब्रेकी, रागावलात माझ्यावर?"

त्या म्हणाल्या, नाही रे बाबा, अजिबात नाही.

"मग हो का म्हणत नाही?"

लायलची ही सवय घालवायला त्यांना सहज सहा आठवडे लागले असते. श्वास थोडा हळू, मग आणखी हळू, मग एक आड एक. एकतीस वर्षांत त्यांनी याहून अवघड गोष्टी सोडवल्या होत्या. हातात एक दिवस होता.

बुधवारी कुबियाकांनी आपल्या परीने हात दिला. शेगडीपाशी उभे राहून, लायलने हात वर केल्यावर, त्यांनीच जोरात श्वास आत ओढला. दोन स्वयंपाकिणी हसून ओट्यावर आडव्या झाल्या. लायलने काळजीने विचारलं, मिस्टर कुबियाक, दम्याचा पंप आणून देऊ का, माझ्या आईच्या पर्समध्ये असतो. मग त्यांनी युक्ती काढली, आर्डिसबाईंचा श्वास फोनमध्ये भरून यंत्रावर ठेवला. आवाज आला तसा लायलचा चेहरा उजळला. तो दांडा सोडून बाईंना शोधायला गेला. ओट्याखाली पाहिलं, दारामागे पाहिलं, थंड खोलीत जाऊन हाका मारल्या. आर्डिसबाई काचेच्या या बाजूला होत्या. आत जायला चार पावलं लागली असती. तेवढंच करायची बंदी होती. आणि बंदी त्यांना पटत होती, कारण तो नियम दुसऱ्या कुणी केला नसता तर त्यांनीच केला असता.

साडेतीनला कुबियाक बाहेर आले आणि टोपी हातात घेऊन उभे राहिले. वीसपैकी एकोणीस तो माझ्या माणसांपेक्षा चांगलं करतो, म्हणाले. पण दांड्यापाशी सांगायला माणूस ठेवता येत नाही.

जोनेलला सांगायचं काम बाईंचं. वृद्धाश्रमाच्या आवारात, गाडीत बसून, त्यांनी काहीही न झाकता सांगितलं. मागच्या सीटवर लायल समोरच्या गाड्यांचे नंबर पुटपुटत होता. जोनेल बराच वेळ स्टिअरिंगवर बोट फिरवत राहिली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, की कारखान्यात रात्रपाळीबद्दल विचारून ठेवलंय. मग दिवसा झोपणार कधी, हे आर्डिसबाईंनी विचारलं नाही. तोंडावर विचारणं वाईट दिसतं.

शुक्रवारी केक झाला. लायलने बावीस मेणबत्त्या स्वतः मोजून लावल्या, एकही चुकली नाही. तीन वाजता त्याच्या कपाटातलं सामान एका पिशवीत भरलं. चित्रांचे तक्ते त्याला हवे होते, ते दिले. सोमवारी किती वाजता येऊ, असं त्याने दारात विचारलं. आर्डिसबाईंनी उत्तराचे तुकडे पाडून पाहिले. जोनेलने त्याला गाडीकडे नेलं.

रविवारी चर्चनंतर तळघरात नेहमीसारखी कॉफी होती. भांडी धुवायची पाळी आर्डिसबाईंची. लायल आपण होऊन आत आला, बाह्या सरसावल्या आणि कप लावायला लागला. चर्चमधलं यंत्र जुनं, पण दांडा तसाच. त्याने ट्रे सरकवला, हात वर केले, दांडा धरला. ओढला. कप बाहेर, पुढचा ट्रे, हात वर, ओढला. एकदाही थांबला नाही. स्वयंपाकघरातून कॉफी द्यायच्या खिडकीपलीकडे चाळीस माणसं बसली होती. गोठलेल्या तळ्यावर ठेवलेली जुनी मोटार यंदा बर्फ वितळून कधी बुडणार, यावर पैजा चालल्या होत्या, आणि कोणी काही म्हटलं की दुसरा हो म्हणत होता. सगळं तळघर श्वास आत ओढत होतं.

बोर्गहिल्डआजी कप घेऊन आल्या, लायलकडे बघत उभ्या राहिल्या आणि आर्डिसबाईंच्या कोपराला धक्का दिला.

"किती छान करतोय पोरगा. तो शिकागोवाला आंधळा आहे का गं? उगाच नाही म्हणाला."

आर्डिसबाईंनी पुढे होऊन खिडकीची झडप ओढून घेतली. बाहेरचा आवाज बंद झाला. लायलने पुढचा ट्रे सरकवला, हात वर केले, दांडा धरला. बाईंनी ओठ घट्ट मिटले. नळातून थेंब पडत होते. लायल वळून त्यांच्याकडे बघायला लागला, आणि त्या भांड्यांच्या फळीकडे बघत राहिल्या. मनात मोजत होत्या. वीस. तीस. एवढ्यात एकदा, एकदाच त्याने आपलं आपण ओढलं, तर सोमवारी कुबियाकांचं दार पुन्हा वाजवता येईल. चाळीस. छातीत दुखायला लागलं. लायलचे हात पुन्हा वर गेले, बोटं पसरलेली.

"थकलीस वाटतं," बोर्गहिल्डआजी म्हणाल्या. उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच दिलं, नॉर्डालमध्ये देतात तसं, आत ओढून. "हो. थकणारच."

दांडा खाली गेला. यंत्रात पाणी उसळलं.

"बघ," आजी म्हणाल्या, "कुणी सांगावं लागतं का त्याला?"

लायल खूश होऊन हसला आणि पुढचे कप लावायला लागला. आर्डिसबाईंनी धरून ठेवलेला श्वास सोडला, आणि नवा घेताना तोंडावर हात ठेवला.