आधी फेडलेला नवस

देवावर रुसायचं तर घरच्या माणसावर रुसतो तसं रुसावं. त्या उन्हाळ्यात मी तशीच रुसले होते. परदेशात डॉक्टरकीची तीन वर्षं इंग्रजीतून शिकून झाली आणि चौथ्या वर्षाच्या तोंडावर विद्यापीठानं अभ्यासक्रमच फिरवला. यापुढं वॉर्डातलं शिक्षण आणि रुग्ण तपासण्याची परीक्षा त्यांच्याच भाषेत. कारण विचारलं तर कुणी सांगेना. पहिल्याच दिवशी मला रुग्णाचं बोलणं कळलं नाही, तेव्हा वॉर्डात शिकवणाऱ्या आमच्या बाई तेच वाक्य माझ्या तोंडावर दुप्पट आवाजात ओरडल्या. सगळा वॉर्ड हसला. परीक्षेत व्हायचं तेच झालं, मी नापास झाले. नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरी आले ती परत न जाण्याचं ठरवूनच.

आईनं वाद घातला नाही. मी डॉक्टर झाले की मला रामटेकच्या गडावर रामाच्या दर्शनाला पायी चढवून आणीन, असा तिचा नवस होता. ती म्हणाली, "चाल वं, नवस आत्ताच फेडून टाकू. आधी फेडला म्हणजे रामालेच लाज वाटन." देवाला असं पेचात पकडणं माझ्या आईलाच सुचतं. मला हसू आलं नाही. "लाज वाटत असती तर त्यानं हे होऊच दिलं नसतं," मी म्हणाले. "काहून एवढी जळून राहिली वं?" असं म्हणत तिनं चपला घातल्या, आणि मी तिच्या मागं निघाले.

अर्ध्या पायऱ्या चढलो, तर कठड्याला टेकून एक म्हातारी बसली होती. घामानं निथळत होती. सोबतचे लोक पुढं गेले असावेत. काय होतंय, मी हिंदीत विचारलं. तिला कळेना, ती तेलुगू बोलत होती. मी तेच मोठ्यानं विचारलं. तिसऱ्यांदा तर ओरडलेच. आणि माझ्याच तोंडून मला आमच्या बाईंचा आवाज ऐकू आला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती मात्र रागावली नाही. तिनं माझा हात धरून आपल्या छातीवर ठेवला आणि लहान मुलाला शिकवावं तशी सावकाश म्हणाली, "नोप्पी." मग तोच हात डाव्या खांद्यापर्यंत नेला. "नोप्पी." मी म्हणून दाखवलं, तशी तिनं मान डोलावली. दुखत तिला होतं आणि धीर ती मला देत होती. नाडी पाहिली, ती भलतीच अनियमित होती. मी तिला उठू दिलं नाही. आईनं हाका मारत वर जाऊन तिचा मुलगा शोधून आणला. लोकांनी तिला उचलून खाली नेलं, गाडीत घातलं आणि दवाखान्याकडं नेलं. पुढं तिचं काय झालं, मला आजवर ठाऊक नाही.

"रामानंच बसवलं होतं तिले तिथं," आई म्हणाली.

माझं डोकं फिरलं. "मले शिकवाले त्यानं एका म्हातारीची छाती दुखवली काय?"

आई पदर खोचून उरलेल्या पायऱ्या चढू लागली. मीही धुसफुसत मागं गेले. पण गाभाऱ्यासमोर उभी राहिले, तेव्हा स्वतःसाठी काही मागायचं राहूनच गेलं. त्या म्हातारीसाठी मागितलं आणि खूप रडले.

मी विद्यापीठात परत गेले. वर्ष वाया गेलं ते गेलंच. विद्यापीठाला मी माफ केलेलं नाही, आणि जे होतं ते भल्यासाठीच असं कुणी म्हणालं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. देवाला शरण जायचं म्हणजे अन्यायाला चांगलं म्हणायचं, असं नाही. एवढं मात्र मला उमगलं आहे. मोडक्यातोडक्या भाषेत मी रुग्णाला म्हणते, सावकाश सांगा, मी शिकते आहे. बहुतेक जण सांगतात, कण्हत का होईना, पुन्हा पुन्हा सांगतात. आजारी माणसाजवळ माझ्यासाठी एवढा धीर कुठून येतो, मला माहीत नाही. जो कुणी तो देत असेल, त्याला वॉर्डाच्या दाराशी रोज हात जोडते आणि आत जाते.