निवडलेले तांदूळ

देवाच्या कामात इतका अडथळा आणणारा दुसरा देवभक्त माझ्या पाहण्यात नाही. आमच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले हे सर कर्जतजवळच्या एका जुन्या सभागृहात दरवर्षी कॅथलिक तरुणांसाठी पाचारण शिबिर भरवीत. देवाने आपल्याला कशासाठी बोलावले आहे, धर्मगुरू होण्यासाठी, व्रतस्थ भगिनी होण्यासाठी की साध्या संसारासाठी, हे मुलांनी एकमेकांचे अनुभव ऐकून ओळखावे, एवढाच त्यामागे हेतू. परंतु त्यांच्या शिबिरातून धर्मगुरू व्हायला सेमिनरीत गेलेल्यांपेक्षा लग्न करून सुखाने घरी बसलेलेच अधिक निघाले, आणि चर्चचे फादर त्यामुळे त्यांच्यावर कायम थोडे नाराज असत. सरांचा पहिला संशय देवावर नसून मुलांवर असे. "सर, मला देवानं हाक मारली," असे शिबिरात नाव घालायला आलेला कुंभिवलीचा एक तरुण भारावून सांगू लागला, तेव्हा सरांनी विचारले, "कुठं रं?" "हायवेला. टेंपो बंद पडला व्हता." "मग आधी मेकॅनिकला हाक मारायची. टेंपो चालू झाल्यावरही ऐकू आली, तर ये."

शिबिरातला मुख्य विधी म्हणजे तांदूळ निवडणे. समोरच्याच्या डोळ्यांत पाहून कोणी खरे बोलत नाही, हात गुंतलेले असले की खरे आपोआप निसटते, असा त्यांचा सिद्धांत होता. म्हणून सगळ्यांनी सुपे घेऊन गोल बसायचे, तांदूळ निवडता निवडता एकेकाने आपला अनुभव सांगायचा, आणि भात चुलीवर चढेपर्यंत इतरांनी अवाक्षर काढायचे नाही. उपदेश नको, कौतुक नको, नुसते 'अरे वा'देखील नको. अलीकडे दुकानातला तांदूळ पिशवीतून स्वच्छच येतो, ही त्यांची मोठीच अडचण झाली. एकदा मी स्वयंपाकघरात डोकावले, तर सर नदीवरून आणलेले बारीक खडे मूठमूठ तांदळात कालवत होते. "बाई," ते जराही न ओशाळता म्हणाले, "कोणाला सांगू नका. काम उरलं नाही, तर मुलं बोलतील कधी?"

मी त्यांच्या धर्माची नव्हे, शिवाय चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. तरीही दरवर्षी ते मला मुद्दाम बोलावीत. "तुम्ही मराठी शिकवलंत, पण उत्तर द्यायची सवय तुम्हाला लागलीच नाही. मला असंच माणूस हवं," असे ते म्हणत. ही स्तुती होती की नाही, याचा उलगडा मला आजवर झालेला नाही.

पुढे मुले कमी होत गेली. सभागृहाच्या भिंतींना ओल आली आणि गोल इतका आकसला, की एका सुपावरून दुसऱ्या सुपात हात पोहोचू लागला. गेल्या वर्षी त्या गोलात सरांची भाचीही बसली. आईवडिलांमागे सरांनीच तिला वाढवले होते. सरांची पत्नी जाऊनही बराच काळ लोटला होता, त्यामुळे घरात ती आणि ते, एवढेच. खालापूरच्या दवाखान्यात ती केसपेपरच्या खिडकीवर काम करीत असे. तिची पाळी आली तेव्हा सुपावरची नजर न उचलता ती बोलू लागली.

"दवाखान्यात एक आजी बाकावर एकटीच पडली व्हती. तिनं माझा हात धरला. मला घरची बस पकडायची व्हती. पण मी हात सोडवला नाय. बस गेली. आणि मामा, बस गेल्याचं मला काय वाटलंच नाय." तिने एक खडा वेचून बाजूला टाकला. "मला मठातल्या सिस्टरांकडं जायचंय. कायमचं."

त्या टेंपोवाल्याला छळणारे सर समोरच बसले होते. एका प्रश्नाने ते तिला अडवू शकले असते, आणि त्यांनी तसे करावे असे मला, परधर्मीय असूनही, फार वाटले. सरांची बोटे सुपात फिरत राहिली. नियम त्यांचाच होता.

दुपारी पहिल्याच घासाला माझ्या दाताखाली खडा आला. मग शेजारच्या मुलाच्या, मग पलीकडच्या मुलीच्या. सरांच्या सुपातले तांदूळ तसेच भातात गेले होते. सगळे मान खाली घालून सावकाश चावत राहिले.

"मामा, भात चांगला झालाय," भाची म्हणाली.

सरांनी दाताखालचा खडा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "खोटं बोलणाऱ्या पोरीला तिथं घेत नाहीत गं," ते म्हणाले. "सवय सोड, मग जा."

ती गेली. या वर्षी शिबिर भरलेच नाही. परवा मी सरांकडे गेले तेव्हा ते ओट्यावर सूप घेऊन बसले होते. मी शेजारी टेकले. निवडता निवडता ते म्हणाले, "घर फार शांत झालंय, बाई. आज उत्तर दिलंत तरी चालेल."

मी सुपाचा एक कोपरा माझ्याकडे ओढला. तांदळात एकही खडा नव्हता, कालवलेलाही नव्हता. दिवस मावळेपर्यंत आम्ही दोघे तो तांदूळ निवडत राहिलो.