दोन साइट आणि सबनीस काकांची हजेरी

चार गेमवेडी माणसं एकत्र आली की किस्से आपोआप साठतात, घरातल्या जुन्या चार्जरसारखे. कधी जमा झाले ते कळत नाही आणि टाकवत तर अजिबात नाहीत. आमच्या ग्रुपमध्ये कोणी नवा आला की अर्धे किस्से आम्ही त्यालाच देऊन टाकतो. पण आमच्या एका वेबसाइटच्या दोन झाल्या, त्या काळातले किस्से मी सहसा कोणाला सांगत नाही. कारण ती आयडिया माझी होती!

तर 'तटबंदी' हा किल्ले बांधायचा एक जुना कॉम्प्युटर गेम. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. आम्ही यूएईतल्या मराठी लोकांनी त्यात सह्याद्रीतले किल्ले घातले आणि तो जिवंत ठेवला. दुबई मरीनात राहणारा निखिल त्याचा कोड लिहितो, त्याची बायको मानसी तो खेळते, आणि मी, पराग, साइट सांभाळतो. नोकरीत मी एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. एका फाइलीत दोन विषय दिसले की माझे हात शिवशिवतात.

आणि रुवैसचे सबनीस काका. रिफायनरीत सेफ्टीचं काम, बायको आणि मुलगी पुण्यात, कंपनीच्या क्वार्टरमध्ये एकटेच. काका कोड लिहीत नाहीत, गेमही खेळत नाहीत. पाच वर्षांपूर्वी साइटवर आले तेच भांडत. "तुमच्या किल्ल्यात आठशे माणसं आणि पाण्याचं टाकं एवढंसं? पंधरा दिवसांत मरतील सगळी!" निखिलनं टाकं मोठं केलं आणि काका राहिले.

तेव्हापासून रोज सकाळी सहाला साइटवर त्यांची एक ओळ यायची. "हजेरी. रुवैस ३४ डिग्री." मग खाली एकेक जण 'हजर' लिहायचा. कोणी दोन दिवस दिसलं नाही की काकांचा फोन ठरलेला. मला फ्लू झाला तेव्हा माझ्या सख्ख्या भावाच्या आधी त्यांचा फोन आला होता.

* * *

साइटच्या दोन का कराव्या लागल्या? शारजातल्या एका नव्या मुलीनं विचारलं, "किल्ल्याचा दरवाजा कसा उघडायचा?" निखिलनं मोठ्या प्रेमानं चाळीस ओळींचा कोड पाठवला. तिचं उत्तर आलं, "दादा, मला दरवाजा उघडायचाय, बसवायचा नाहीये!" त्या आठवड्यात अशी तीन माणसं पळून गेली.

मग दुबईतच ऊद मेथाला माझ्या घरी शनिवारी मिसळीवर मीटिंग झाली. बनवणाऱ्यांची साइट वेगळी, खेळणाऱ्यांची वेगळी. पाच मिनिटांत मंजूर! गंमत म्हणजे माणसंही लगेच वेगळी बसली. डेव्हलपर हॉलमध्ये, प्लेअर बेडरूममध्ये, आणि रश्शाचं पातेलं प्लेअरकडे. थोड्या वेळानं निखिल वाटी घेऊन बेडरूमच्या दारात उभा.

मानसी म्हणाली, "सॉरी हबीबी, धिस साइड ओन्ली फॉर प्लेअर्स!"

* * *

नव्या नियमाप्रमाणे प्लेअरनं डेव्हलपरशी थेट बोलायचं नाही, तक्रारीचा फॉर्म भरायचा. मानसीनं पहिल्याच संध्याकाळी भरला, "माझा हत्ती दरवाज्यात अडकतो." ती सोफ्याच्या या टोकाला, निखिल त्या टोकाला, मधे त्यांची अकरा वर्षांची इरा.

निखिलनं तिथूनच टाइप केलं, "अधिक माहिती हवी."

तिनं टाइप केलं, "हत्ती मोठा, दरवाजा लहान."

त्यानं शेरा मारला, "माझ्या मशीनवर अडकत नाही. तक्रार बंद."

थोड्या वेळानं त्यानं मान वर करून विचारलं, "मानसी, चहा करतेस का गं?" त्याच्या स्क्रीनवर उत्तर आलं, "अधिक माहिती हवी."

"यू गाइज आर सो वियर्ड," म्हणत इरा उठून गेली. हत्ती दुसऱ्या दिवशी सकाळी सुटला.

* * *

माणसं हलवायला मी एक फॉर्म केला. प्रश्न एकच, 'आपण कोण?' चौकोन दोन, डेव्हलपर आणि प्लेअर. टिक केली की तुम्ही आपोआप त्या साइटवर जाणार आणि जुनी साइट तुम्हाला बंद. मला फार अभिमान होता त्या फॉर्मचा.

काकांचा फोन आला. "अरे पराग, यातला मी कोण?"

मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो. "काका, कुठेही टिक करा हो. यल्ला, पुढचं पुढे बघू!"

"अरे, तीस वर्षं चेकलिस्ट भरतोय. जे नाही त्याच्यापुढे कधी टिक केली नाही मी."

मी हसलो आणि फोन ठेवला. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. त्या माणसाची सगळी ऊठबस त्या एका साइटवर होती, आणि मी त्याला दोन चौकोन दिले होते.

* * *

दोन्ही साइट झकास चालल्या. हजेरी मात्र दिसेना. प्लेअरना वाटलं, काका डेव्हलपरकडे गेले, पाण्याची गणितं करतात ना! डेव्हलपरना वाटलं, काका प्लेअरकडे असणार, गप्पा तिकडेच चालतात. मी दोन्हीकडचा, मला वाटलं काका पुण्याला गेले असतील. असे अकरा दिवस गेले! शेवटी शनिवारच्या मिसळीला इरानं विचारलं, "बट हू इज टेकिंग अटेंडन्स?"

हॉलमधल्यांनी बेडरूमकडे पाहिलं, बेडरूममधल्यांनी हॉलकडे.

मी लॅपटॉप काढला. जुनी साइट महिनाअखेरीस कायमची बंद करायची म्हणून तशीच पडून होती. टिक न केलेला एकच माणूस तिथे उरला होता. रोज सकाळी सहा वाजता, अकरा दिवसांच्या अकरा हजेऱ्या. खाली 'हजर' लिहायला कोणी नव्हतं, म्हणून काकांनी ती स्वतःच भरली होती.

"हजेरी. रुवैस ३५ डिग्री. निखिल: हजर असावा. मानसी: हजर असावी. इरा: परीक्षा आहे, सूट. पराग: कामात असणार, हजर धरतो."

त्या दिवशी सकाळी खाली एक ओळ जास्त होती. "सगळ्यांना फोन करणार होतो. पण आता कुठल्या यादीतला म्हणून करू?"

माझे डोळे भरून आले आणि ते मी रश्शाच्या तिखटावर ढकललं. निखिल म्हणाला, "खलास, बास झालं! पराग, गाडी काढ."

* * *

रुवैस साडेतीन तासांवर. मागच्या सीटवर निखिल फॉर्म दुरुस्त करत होता. दोन चौकोनांखाली तिसरा घातला, पण त्यापुढे काय लिहायचं यावर अबू धाबीपर्यंत वाद चालला. 'सल्लागार', 'मार्गदर्शक', 'इतर'! इरा कंटाळून म्हणाली, "जस्ट राइट काका." तेच लिहिलं.

संध्याकाळी बेल वाजवली. काकांनी दार उघडलं. अंगात घरचा सदरा, हातात चष्मा. आम्हाला चौघांना बघून ते जागच्या जागी उभेच राहिले.

निखिलनं लॅपटॉप पुढे केला. "काका, तिसरा चौकोन टाकलाय. आता खरी टिक करता येईल."

काकांनी लॅपटॉपकडे पाहिलंच नाही. चष्मा लावला.

"निखिल?"

"हजर."

"मानसी?"

"हजर, काका."

"इरा?"

"हजर!" इरा म्हणाली. चक्क मराठीत!

"पराग?"

मी 'हजर' म्हणालो, पण तो माझा मलाच नीट ऐकू आला नाही.

काकांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "अकरा दिवसांचा लेट मार्क," ते म्हणाले आणि दारातून बाजूला झाले. "आत या. पाणी पुरेल सगळ्यांना."