स्पेसबारवरचा हात सोडवणारे सर

आमच्या सरांना स्पेसबारची खटखट सहन होत नसे. अंबाजोगाईच्या त्यांच्या कॉम्प्युटर क्लासात कुणी शीर्षक मधोमध ढकलायला लागलं, की पाठमोरे असले तरी म्हणत, "कामून ढकलतो रं? ते शीर्षक हाय एवढं कॉम्प्युटरला सांग. जागा त्याची तो बघंल."

आमचा तरी काय दोष? आम्ही सगळे टायपिंगच्या परीक्षा पास होऊन आलेलो. अक्षरं मोजून शीर्षक मधे आणायचं, हेच आमचं शिक्षण आणि त्याचाच तोरा. सर वाद घालत नसत. नुसता कागदाचा आकार बदलत. सगळी शीर्षकं भलतीकडे जाऊन बसायची आणि आम्ही मुकाट्यानं पुन्हा सुरुवात करायचो.

यंत्रांच्या माहितीपुस्तिका कॉम्प्युटरवर कशा लिहायच्या, हे ते शिकवत. पुण्यात नव्या कंपन्या येत होत्या, त्यांना अशी माणसं लागणार, हे आमच्याकडे कुणाच्या गावीही नव्हतं. मी केजच्या किराणा दुकानदाराची मुलगी. घरी ठरलेलंच होतं, कोर्स संपेपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर लग्न.

"एका पायरीत एकच काम," हा त्यांचा हुकूम. फवारणी पंपाची पुस्तिका मी एका दमात लिहून काढली. सरांनी खरा पंप आणला आणि माझं लिखाण वाचत पाणी भरलं. झाकण लावा, हे मी लिहिलंच नव्हतं, म्हणून त्यांनीही लावलं नाही. पंप पाठीवर घेऊन वाकले आणि नखशिखांत भिजले. "लई भारी लिवलंय," म्हणाले. मला हसावं की रडावं कळेना.

पुढे पुण्याची नोकरी लागली आणि अण्णा, माझे वडील, अडून बसले. "पोरगी एकटी पुण्याला? न्हाई जमायचं."

सरांनी शिकवलं त्यावर माझं घर चालतं. पण त्याहून मोठे उपकार त्यानंतरच्या एका दुपारचे आहेत. सर जीपनं केजला आले आणि दुकानातल्या पोत्यावर बसले.

"अण्णा, मलाबी पुण्यानं बोलावलं व्हतं. वडील न्हाई म्हणले, मी थांबलो. त्यांचा राग न्हाई मला. पर पुण्याची गाडी दिसली की आजबी बघत उभा ऱ्हातो मी. हिला तसं उभं करू नका."

हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. अण्णांनी हातातला तराजू खाली ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिकडं थंडी लई असती म्हणत्यात. रजई घे."