शिलाईतली माया

डॉक्टर अक्कांच्या तोंडी सर्वांत जास्त कोणते शब्द असतील, तर ‘माहीत नाही’. दारावरच्या पाटीवर नावापुढे पदव्यांची आगगाडी, आणि आत खुर्चीत बसून बाई म्हणणार, “माहीत नाही बघा.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं डोकंच फिरलं.

त्या निपाणीकडच्या. बेंगळुरूत मराठी बोलणारी डॉक्टर मिळाली, म्हणून मी माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, त्यांच्याकडे नेलं. ताई कोरमंगलात घरीच ब्लाऊज शिवायची. तिच्या छातीतली गाठ आधी दुसरीकडे साधी समजून काढली होती. ती परत आली, आणि पहिलीपेक्षा मोठी होऊन आली. अक्कांनी त्या गाठीच्या जुन्या काचपट्ट्या, म्हणजे स्लाइड्स, मागवून पुन्हा तपासून घेतल्या. “ही साधी गाठ नव्हे, आणि नेहमीचा ब्रेस्ट कॅन्सरही नव्हे,” त्या म्हणाल्या. “फायलोड्स म्हणतात हिला. वाईट जातीची आहे. क्वचित होते, मीही मोजक्याच बघितल्यात.”

“मग औषध काय?” मी विचारलं.

“औषधांना फारशी जुमानत नाही ही. कापायचं ते ऐसपैस कापायला लागतं. नुसती सोलून काढली की कडेला राहिलेलं पुन्हा वाढतं.”

“म्हणजे माया ठेवली नव्हती,” ताई म्हणाली.

अक्का बघतच राहिल्या. ताईने त्यांच्याच कोटाची बाही उलटून शिवणीबाहेर सोडलेलं कापड दाखवलं. “ही माया. शिवणीला खेटून कापलं की संपलं.” अक्का इतक्या खूश झाल्या, की त्या दिवसापासून गाठीभोवतीच्या जागेसाठीचा ‘मार्जिन’ हा शब्द आमच्यापुढे तरी त्यांनी टाकूनच दिला.

असल्या गाठीचं एकट्याने ठरवायचं नाही, हा त्यांचा नेम. किरणांचा शेक देणारे, काचपट्ट्या वाचणारे, सगळ्यांना त्या एका टेबलाभोवती बसवायच्या. “आमची पंचायत बसते,” म्हणायच्या.

“पंचायत बसते की पंचाईत होते?” मी एकदा चिडून बोलले.

“दोन्ही होतंय की!”

तसंच झालं. स्तन पूर्ण काढायचा, काखेला हात लावायचा नाही, इथपर्यंत एकमत. शेक द्यावा की नाही, यावर दोन तट पडले. अक्कांनी बाहेर येऊन ते भांडणही आम्हाला सांगितलं. “शेक दिला तर त्याच जागी पुन्हा उगवायची भीती कमी. आयुष्य वाढेल का? माहीत नाही.” मला संताप यायचा. धीर द्यायचा सोडून हे काय! ताईला मात्र बाई आवडायच्या. “खोटं माप सांगत नाही गं ती,” म्हणायची.

ऑपरेशन झालं, शेकही झाले. अक्कांनी भरपूर माया ठेवून कापलं होतं, त्यामुळे छातीत पुन्हा काही उगवलं नाही. पण पुढे फुप्फुसात ठिपके दिसले. औषधं देऊन पाहिली, ठिपके वाढतच गेले.

त्या दिवशी अक्का ताईच्या खाटेवरच येऊन बसल्या. ताईने हसत विचारलं, “काय हो अक्का, अजून थोडी माया असेल का कुठे?”

मी जीव मुठीत धरून उभी होते. म्हणा अक्का, म्हणा ‘माहीत नाही’! ज्या शब्दांचा मी एवढा राग राग केला, त्यांच्यावरच आम्ही इतके दिवस काढले होते, हे मला तेव्हा कळलं.

अक्कांनी तिचा हात हातात घेतला. “नाही हो ताई,” त्या म्हणाल्या. “आता नाही उरली.”

“सरी, बरं,” ताई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, “त्या निळ्या ब्लाऊजची हुकं राहिलीत, तेवढी आण.”

ताई गेली. आता मी स्वतःला तपासून घ्यायला अक्कांकडे जाते. त्या अजून तशाच आहेत, फक्त चष्म्याची काच जाड झालीय.

“हाताला काही लागत नाही,” त्या म्हणतात.

“आणि पुढे?”

“माहीत नाही बघा.”

तेवढ्यावर मी निर्धास्त घरी येते.