कोणीतरी झोपलेलं घर

नव्वदच्या दशकात सुरतेतल्या उधन्यात एका दवाखान्याच्या रांगेत ती माझ्या पुढे उभी होती. खानदेशातून आलेली, कडेवर चार वर्षांची मुलगी. मुलगी मुकी आहे, तपासून आणल्याशिवाय घेणार नाही, असे बालवाडीतल्या बाईंनी सांगितले होते.

आईचे ओठ जेमतेम हलत. "जोरथी बोलो, बेन," डॉक्टर दोनदा म्हणाले. तिने पदर सावरला आणि पुन्हा कुजबुजलीच. डॉक्टरांनी मुलीच्या कागदावर 'मतिमंद' लिहिले. राहता कुठे, हे विचारले नाही.

बाहेर आल्यावर मी विचारले. बिनखिडकीची एकच खोली. नवरा रात्रपाळीला, दीर दिवसपाळीला.

"घरमा कोनी ना कोनी झोपेलच ऱ्हास, भाऊ," ती म्हणाली.

म्हणजे मुलीला जन्मापासून गप्प बसवले होते. अशा खोल्या बांधून भाड्याने देणाऱ्यांच्या नावापुढे मात्र कोणी काही लिहीत नाही.

रस्त्यालगतच्या शेडमध्ये कापडाचे लूम धडधडत होते. त्या धडधडाटात समोर फुगेवाला दिसला तशी मुलगी मोठ्याने ओरडली, "माय, फुगा!" दोन्ही शब्द स्वच्छ होते.

आईचा हात सवयीने तिच्या तोंडावर गेला.