कडू घास

बारामतीच्या कडेला घर बांधलं, तेव्हा मी त्याची जाहिरात करत फिरायचो. दवाखाना हाकेच्या अंतरावर, मेडिकल कोपऱ्यावर, दुधाची डेअरी त्याला लागून, फिरायला कालव्याकडेचा रस्ता, बसायला बाग. आमच्या गावाला, पळसदेवला, साध्या तापाच्या गोळीसाठी भिगवण गाठावं लागायचं, हे लहानपणापासून पाहिलेलं. म्हणून तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आणि आईला मी इथं आणलं ते मोठ्या तोऱ्यात.

आईनं सगळं घर फिरून पाहिलं. गच्चीवर जाऊन आली. मग समोरच्या बंगल्यांची बंद फाटकं बघत म्हणाली, "समदं जवळ हाय. पण माणूस गेलं तर भाकरी कुणाच्या घरनं यायची?"

आमच्यात मयत झालेल्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. भावकी आणि शेजारी पिठलं-भाकरी आणतात, जवळ बसून खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. मी तिला म्हणालो, आता मोबाइलवर सांगितलं की जेवण दारात येतं, नसती काळजी करू नकोस. ती गप्प बसली. ती गप्प बसली म्हणजे तिला पटलं, असं मानायची मला सवयच होती.

पुढं तात्या गेले. दवाखाना खरंच जवळ होता, पण त्याचा काही उपयोग झाला नाही. गावाकडची माणसं आली, सगळं उरकलं आणि दिवस मावळायच्या आत ती परत निघाली. एवढी वस्ती आहे, भाकरी शेजारी आणतील, असं त्यांनी गृहीत धरलं. शेजारी हात जोडून गेले होते. आम्हाला निवांत सोडावं, हेच त्यांना बरं वाटलं. चूक कुणाचीच नव्हती, आणि घरात अन्न नव्हतं.

बायको गॅसकडं वळली तसं आईनं तिला थांबवलं. मी मोबाइल काढला.

"इकतचं न्हाय," आई म्हणाली आणि पदर सारखा करून उठली.

सुतकात दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायचं नाही, म्हणून समोरच्या फाटकाबाहेरच उभी राहिली आणि तिनं हाक मारली. तिथली बाई बँकेत, बदलीवर आलेली. गाडी काढताना मान हलवण्यापुरती आमची ओळख. मी मागं उभा होतो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवरा गेल्या दिवशी माझ्या आईनं दारोदार भाकरी मागावी?

"पोरी, आमच्यात आज चूल पेटत न्हाय. चार भाकरी टाकशील का?"

ती गडबडली. भाकरी येत नाही म्हणाली, मग पोळ्या चालतील का, असं भीतभीत विचारलं.

"कायबी दे. पण तुझ्या हातचं दे, आन् घटकाभर आमच्याजवळ बस."

थोड्या वेळानं नवरा-बायको दोघं डबा घेऊन आली. पोळ्या जाड होत्या, पिठल्यात गुठळ्या होत्या. दोघं आमच्याजवळ फरशीवर बसून राहिली.

आईनं पहिला घास मोडून माझ्या तोंडापुढं धरला.

"खा बाळा. शेजार हाय आपल्याला."

दिवसभर मी रडलो नव्हतो. तो घास तोंडात घेतला आणि त्या परक्या माणसांसमोर हुंदके देऊन रडलो.